पायइन्स्टॉलरची ईएक्सई: माझ्याकडे चालते, त्यांच्याकडे नाही (आणि कालचं दूध कुठं गेलं)

बुधवारी सकाळी पावणेसातला मामेभावाचा फोन. "दादा, कालचं दूध गेलं." मला वाटलं नासलं, म्हटलं बल्क कूलर बंद पडला का रे. "तसं न्हवं ओ, कॉम्प्युटरातलं गेलं. परवाचं पण."

तर झालं असं. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात तो दूध संकलन केंद्र बघतो, मालक अण्णा म्हणून आहेत. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन येणार, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) वहीत लिहायचं, दरपत्रकात बोट फिरवून दर काढायचा आणि दर दहा दिवसांनी बिल करायला रात्रभर जागायचं. मी म्हटलं करून देतो की पायथनमधे, टीकिंटर ह्या लायब्ररीची खिडकी, मागे एसक्यूलाइटचा डेटाबेस, दोन रविवारचं काम. केलं पण. पायइन्स्टॉलर म्हणजे पायथन नसलेल्या मशीनवरही चालेल अशी ईएक्सई बनवणारं साधन, त्याला वनफाइल (सगळं एकाच फाइलीत) आणि विंडोड (मागची काळी खिडकी नको) असे दोन पर्याय देऊन एकच छान ईएक्सई काढली, पेनड्राइव्हवर टाकली, जाऊन बसवली, मामीच्या हातचा चहा पिऊन परत आलो.

सोमवारी दिवसभर झकास चाललं, रात्री मशीन बंद केलं. मंगळवारी सकाळी ॲप उघडलं तर यादी रिकामी. आता कुणीही घाबरेल, पण ह्या पठ्ठ्याला वाटलं तारीख बदलली म्हणजे नवीन पान आलं असेल वहीसारखं, आणि तो निवांत एंट्र्या करत राहिला. बुधवारी एका आजोबांनी दोन दिवसांचं मिळून किती लिटर झालं विचारलं तेव्हा उलगडा झाला.

मी घरी दहा वेळा टेस्ट केलं होतं हो. पण ते सगळं मूळ कोडची डॉट पाय फाइल चालवून. ईएक्सई झाल्यावर एकदाच उघडली, दोन एंट्र्या टाकल्या, दिसल्या, खूश झालो. बंद करून परत उघडून बघितलीच नाही.

ह्यानंतरच्या महिन्याभरात त्या एका ईएक्सईने मला जेवढे प्रकार दाखवले ते सगळे इथं लिहून ठेवतोय, कारण हे प्रश्न दर दोन महिन्यांनी कुणीतरी मला विचारतंच. कमांड आणि मॉड्यूलची नावं फोनवर सांगतो तशी देवनागरीत लिहितोय, स्पेलिंग तुम्हाला माहीतच आहे.

ईएक्सई म्हणजे डबा

पुष्कळांना वाटतं, मलाही बरीच वर्षं वाटायचं, की पायइन्स्टॉलर आपला पायथन कोड सी-सारखा कंपाइल करून मशीन कोड बनवतो. अजिबात नाही. तो डबा भरतो. त्या डब्यात कोड चालवणारा पायथनचा इंटरप्रिटर म्हणजे ती पायथनची डीएलएल, आपल्या कोडचं बाइटकोड (इंटरप्रिटरला कळेल असं रूप), लागतील त्या लायब्ररी, आणि पुढं बूटलोडर नावाचा सी मधे लिहिलेला एक छोटा प्रोग्राम. वनफाइलमधे डबल क्लिक केलं की हा बूटलोडर विंडोजच्या टेम्पमधे 'अंडरस्कोर एमईआय आणि पुढं आकडे' अशा नावाचं फोल्डर करतो, सगळा डबा तिथं ओततो, तिथून प्रोग्राम चालवतो आणि प्रोग्राम बंद झाला की ते फोल्डर पुसून टाकतो. दर वेळी नवीन फोल्डर. टास्क मॅनेजरमधे तुमचं ॲप दोनदा दिसतं ना, ते ह्याचमुळं, एक बूटलोडर आणि एक खरा प्रोग्राम, व्हायरस वगैरे नाही.

आता माझी गंमत बघा. रिकामी डेटाबेस फाइल मी ॲड-डेटा हा पर्याय देऊन डब्यातच घातली होती आणि कोडमधे तिचा पत्ता काढला होता 'डबल अंडरस्कोर फाइल' वरून, म्हणजे कोड जिथं आहे त्याच्या शेजारी. डॉट पाय चालवताना बरोबर आहे ते. ईएक्सईमधे मात्र 'शेजारी' म्हणजे ते टेम्पमधलं पुसलं जाणारं फोल्डर. म्हणजे सोमवारी दिवसभर त्यानं ज्या फाइलमधे दूध लिहिलं ती रात्री ॲप बंद करताना स्वतः ॲपनंच पुसली, आणि मंगळवारी डब्यातली कोरी फाइल परत बाहेर काढून दिली. एरर नाही, काही नाही. बिचारा प्रोग्राम सांगितलं तसंच वागला.

एनीडेस्कवरून त्याच्या मशीनवर गेलो, रनमधे टक्का-टेम्प-टक्का टाकलं. दोन फोल्डर दिसली. एक चालू ॲपचं होतं. दुसरं? मंगळवारी संध्याकाळी सात-दहाचं. उघडलं तर आत दूध डॉट डीबी, आणि त्यात मंगळवारच्या सकाळ-संध्याकाळच्या सगळ्या एंट्र्या शिल्लक! भावाला विचारलं काल सातला काय झालं होतं, तर म्हणे लाईट गेली ना दादा, आणि इन्व्हर्टरची बॅटरी बसलीय. मशीन धाडकन बंद पडलं त्यामुळं बूटलोडरला झाडलोट करायला वेळच मिळाला नाही. लाईट गेल्याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदा झाला. सोमवारचं मात्र गेलं ते गेलंच, ते अण्णांच्या पावतीपुस्तकावरून परत टाइप केलं आम्ही, मी आकडे वाचायचे आणि त्यानं टाकायचे.

(ह्याचीच उलटी बाजू: सारखी लाईट जात असेल किंवा लोक टास्क मॅनेजरमधून ॲप मारत असतील तर ही फोल्डरं टेम्पमधे साठत जातात. माझ्या पहिल्या ईएक्सईचं एक फोल्डर उलगडल्यावर पावणेदोनशे एमबी भरत होतं. 'सी ड्राइव्ह आपोआप भरतोय' अशी तक्रार आली की आधी तिथं बघा.)

मग फाइली ठेवायच्या कुठं

फाइली दोन जातीच्या असतात हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. काही नुसत्या वाचायच्या: आयकॉन, लोगो, फॉन्ट, दरपत्रकाचा मूळ नमुना. त्या खुशाल डब्यात घाला, ॲड-डेटानं, आणि कोडमधून 'सिस डॉट अंडरस्कोर एमईआयपास' वरून पत्ता काढा किंवा डबल अंडरस्कोर फाइल वरून, दोन्ही आतच नेतात. दुसऱ्या म्हणजे लिहायच्या: डेटाबेस, सेटिंग, लॉग. त्या डब्याच्या बाहेर. ह्याला अपवाद नाही.

बाहेर म्हणजे कुठं तर बरेच जण ईएक्सईच्या शेजारी ठेवतात, 'सिस डॉट फ्रोझन' आहे का (म्हणजे डॉट पाय नाही, ईएक्सई चालतेय का) बघायचं आणि असेल तर 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' चं फोल्डर घ्यायचं. चालतं. पण कुणी ती ईएक्सई उचलून प्रोग्राम फाइल्समधे ठेवली की तिथं साध्या यूजरला लिहायची परवानगी नसते आणि एसक्यूलाइट 'अटेम्प्ट टू राइट अ रीडओन्ली डेटाबेस' किंवा 'अनेबल टू ओपन डेटाबेस फाइल' म्हणून रडायला लागतं. मग लोक 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा म्हणून सांगतात, जे मला अजिबात पटत नाही, दुधाच्या हिशेबाला ॲडमिन कशाला हवा? मी आता 'लोकलॲपडेटा' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचतो, त्यात ॲपच्या नावाचं फोल्डर नसेल तर करतो, आणि डेटाबेस तिथं. आणि कोरी डेटाबेस फाइल डब्यात घालायचीच नाही, सुरुवातीला 'क्रिएट टेबल इफ नॉट एक्झिस्ट्स' चालवलं की पहिल्या वेळी आपोआप तयार होते.

आणखी एक खड्डा: कोडमधे नुसतं 'दूध डॉट डीबी' लिहिणं, पुढं-मागं काही पत्ता न देता. ते चालू डिरेक्टरीत शोधतं, आणि चालू डिरेक्टरी कोण ठरवतं तर ज्यानं ॲप उघडलं तो. फोल्डरमधून डबल क्लिक केलं तर एक, शॉर्टकटमधल्या 'स्टार्ट इन' मधे दुसरं काही असेल तर दुसरं, टास्क शेड्यूलरनं उघडलं तर चक्क सिस्टम३२. एका ओळखीच्याच्या दुकानात अर्धा महिना डेस्कटॉपवरच्या फाइलमधे आणि अर्धा महिना डॉक्युमेंट्समधल्या फाइलमधे असा हिशेब फाटला होता, आणि दोघं भाऊ एकमेकांवर संशय घेत होते.

वनफाइल सोडा, वनडिर घ्या

वनफाइल दिसायला सुटसुटीत, पण दर वेळी डबा ओतायचा म्हणजे जुन्या हार्डडिस्कवर ॲप उघडायला वीस-पंचवीस सेकंद लागतात, त्यात अँटीव्हायरस प्रत्येक फाइल हुंगणार. भाऊ चार वेळा क्लिक करायचा आणि मग चार खिडक्या उघडायच्या. वनडिरमधे डबा आधीच उघडून फोल्डरमधे ठेवलेला असतो, काही चुकलं तर आत डोकावून बघता येतं काय आहे काय नाही. शिकत असताना तर वनफाइलच्या वाटेला जाऊच नका.

वनडिरची तक्रार एकच येते आणि सारखी येते: 'फेल्ड टू लोड पायथन डीएलएल'. ९० टक्के वेळा माणसानं फोल्डरमधली फक्त ईएक्सई उचलून डेस्कटॉपवर आणलेली असते. २०२३ मधे पायइन्स्टॉलर ६ आलं तेव्हापासून बाकी सगळा पसारा 'अंडरस्कोर इंटर्नल' नावाच्या फोल्डरमधे जातो, तो मागे राहिला की संपलं. झिप पाठवली असेल तर न उलगडता आतूनच ईएक्सईवर डबल क्लिक करतात, तेव्हाही विंडोज ती एकटीच बाहेर काढतं आणि हाच एरर. म्हणून मी इनो सेटअप हे इन्स्टॉलर बनवायचं साधन वापरतो, फुकट आहे, फोल्डर नीट जागेवर ठेवतो, डेस्कटॉपवर शॉर्टकट करतो, लोकांना आतलं काही दिसत नाही.

आणि जुन्या व्हर्जनवरून सहावर येताना ज्यांनी ईएक्सईच्या शेजारी आयकॉन असतील असं गृहीत धरून कोड लिहिला होता त्यांचे आयकॉन सापडेनासे होतात, कारण ते आता इंटर्नलमधे असतात. कोड सुधारा, किंवा घाई असेल तर कंटेंट्स-डिरेक्टरी ह्या पर्यायाला नुसता डॉट द्या, जुनी मांडणी परत येते.

खिडकी येते आणि जाते, किंवा येतच नाही

इथं सगळ्यात जास्त वेळ वाया जातो लोकांचा, कारण एरर पुष्कळदा दिसतच नाही आणि मग अंदाजपंचे. विंडोड म्हणजे नोकन्सोल पर्याय दिला की काळी खिडकी जाते पण तिच्याबरोबर एरर छापायची जागाही जाते. 'सिस डॉट एसटीडीआउट' आणि 'एसटीडीईआरआर' (साधा मजकूर आणि एरर जिथं छापले जातात त्या जागा) दोन्ही नन, म्हणजे रिकाम्या, होतात. साधं प्रिंट गप्प बसतं, पण एखादी लायब्ररी थेट एसटीडीईआरआर वर राइट करायला गेली, ते प्रोग्रेस बार दाखवणारे असतात ना, की 'ननटाइप ऑब्जेक्ट हॅज नो ॲट्रिब्यूट राइट'. ते कन्सोल असताना कधीच येत नाही, म्हणून माणूस चक्रावतो.

तर सगळ्यात आधी विंडोड काढून बिल्ड करा. मग कमांड प्रॉम्प्ट उघडा, ईएक्सई त्यात ओढून टाका, एंटर मारा. डबल क्लिक नको, कारण मग एरर येऊन खिडकी लगेच मिटते. पूर्ण ट्रेसबॅक, म्हणजे एरर कुठल्या ओळीत आला त्याचा माग, समोर येतो. मला मेसेज करणाऱ्या दहातल्या सात जणांचं काम एवढ्यावरच भागतं.

टीकिंटरवाल्यांसाठी खास: बटणाच्या फंक्शनमधे एरर आला तर टीकिंटर ॲप बंद पाडत नाही, नुसता एसटीडीईआरआर वर छापतो. विंडोडमधे तो छापायला जागाच नाही. म्हणजे भाऊ 'बिल काढा' दाबतोय, दाबतोय, काहीच होत नाही, आणि फोनवर मला सांगतोय "दादा बटन मेलंय". न पकडलेले एरर शेवटी जिथं येतात त्या 'सिस डॉट एक्सेप्टहुक' वर आपलं फंक्शन लावून उपयोग नाही कारण हे एरर तिथवर पोचतच नाहीत. मुख्य खिडकीचं 'रिपोर्ट कॉलबॅक एक्सेप्शन' आहे त्यावर आपलं फंक्शन बसवायचं, त्यात पूर्ण ट्रेसबॅक लॉग फाइलमधे लिहायचा आणि मेसेजबॉक्समधे मराठीत 'काहीतरी चुकलं, ह्या फाइलचा फोटो पाठवा' असं दाखवायचं. हे पाच ओळींचं काम पहिल्या दिवशी केलं असतं तर माझे दोन रविवार वाचले असते.

नो मॉड्यूल नेम्ड अमुक

बटण का मेलं होतं ते बघा आता. बिलाची तारीख निवडायला मी टीकेकॅलेंडर वापरलं होतं, ते आतून बेबेल नावाची लायब्ररी वापरतं. घरी मस्त. ईएक्सईमधे कॅलेंडर उघडलं की 'नो मॉड्यूल नेम्ड बेबेल डॉट नंबर्स'. मी म्हणतोय बेबेल तर इन्स्टॉल आहे, पिप लिस्टमधे दिसतंय.

पायइन्स्टॉलर काय करतो तर आपला कोड न चालवता नुसता वाचतो, त्यातली इम्पोर्टची वाक्यं शोधतो, त्या मॉड्यूलमधली इम्पोर्ट शोधतो, असं करत यादी बनवतो. जे इम्पोर्ट म्हणून लिहिलेलंच नाही, चालता चालता नाव जुळवून आणलं जातं, ते त्याला दिसत नाही. बेबेलचा प्रकार आणखी मजेशीर आहे, त्याची भाषांची माहिती पिकल करून (पायथनच्या वस्तू जशाच्या तशा फाइलीत साठवायची पद्धत) ठेवलेल्या डेटा फाइलींमधे असते आणि ती फाइल उघडताना पिकल म्हणतो मला बेबेल डॉट नंबर्स मधला क्लास हवा. म्हणजे इम्पोर्ट कोडमधे नव्हताच, डेटामधे लपला होता. 'हिडन-इम्पोर्ट बेबेल डॉट नंबर्स' दिलं आणि सुटलं. रिपोर्टलॅबनं पावतीवर बारकोड छापणाऱ्यांना असाच त्रास त्याच्या बारकोडच्या मॉड्यूलांचा होतो.

मॉड्यूल नाही पण डेटा फाइल सापडत नाही असं असेल तर कलेक्ट-डेटा, आणि 'ह्या पॅकेजची माहिती सापडली नाही' अशा अर्थाचा मेटाडेटाचा एरर असेल तर कॉपी-मेटाडेटा. काहीच कळेनासं झालं तर कलेक्ट-ऑल, पण ते सगळं घर उचलून आणतं, साइज फुगते, म्हणून शेवटी. बिल्ड फोल्डरमधे वॉर्न ह्या नावानं सुरू होणारी टेक्स्ट फाइल बनते ती मात्र बघून घाबरू नका, त्यात लिनक्सची, मॅकची मॉड्यूलं पण 'मिसिंग' म्हणून येतात. ज्या नावावर ट्रेसबॅक अडला तेच नाव त्यात शोधा, बाकी सोडा.

त्याआधी एक क्षुल्लक तपासणी, जी मी स्वतः तीनदा चुकलोय: पायइन्स्टॉलर चालतोय तो कुठला? व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधे (एका प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथनमधे) सगळं इन्स्टॉल केलं आणि पायइन्स्टॉलर मात्र बाहेरच्या मुख्य पायथनमधला चालला तर त्याला तुमची एकही लायब्ररी दिसणार नाही. म्हणून नुसती पायइन्स्टॉलर कमांड न देता 'पायथन डॅश एम पायइन्स्टॉलर' अशी द्या, त्यात पी आणि आय कॅपिटल लागतात, नाहीतर तेच मॉड्यूल सापडत नाही म्हणतो.

आणि स्पेक फाइल, म्हणजे पायइन्स्टॉलर बिल्डच्या वेळी बनवतो ती सूचनांची फाइल. हिडन इम्पोर्ट वगैरे स्पेकमधे हातानं लिहिलं आणि मग सवयीनं परत डॉट पाय फाइलवर पायइन्स्टॉलर चालवला की तो स्पेक नव्यानं लिहून टाकतो, तुमचं सगळं गेलं. एकदा स्पेकला हात लावला की पुढं कायम स्पेकवरच चालवायचं. "कालच दुरुस्त केलं होतं, आज परत तोच एरर" हे त्यातूनच येतं. बदल दिसेना तर क्लीन हा पर्याय देऊन बघा.

अण्णांचं विंडोज ७

पुढच्या आठवड्यात अण्णांनी दुसऱ्या शाखेतलं मशीन काढलं. डबल क्लिक, आणि 'एपीआय डॅश एमएस डॅश विन डॅश कोअर डॅश पाथ' नावाची लांबलचक डीएलएल मिसिंग. इंटरनेटवर ती डीएलएल उतरवून देणाऱ्या साइटी ढीगभर आहेत, कृपा करून त्या नादी लागू नका. कारण साधं आहे, पायथन ३.९ पासून विंडोज ७ चालतच नाही, त्या विंडोजवर चालणारं शेवटचं म्हणजे ३.८. मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला त्याचा सपोर्ट बंद केला, पण अण्णांना कोण सांगणार, त्यांचा प्रिंटर त्याच मशीनवर चालतो.

डब्यात जो पायथन भराल तोच तिकडं चालणार, त्यामुळं डबा भरायच्या मशीनवरच ३.८ लागतो. मी ३.८ चं वेगळं एन्व्हायर्नमेंट केलं. त्यात पांडाज ह्या डेटाच्या मोठ्या लायब्ररीनं अडवलं, ३.८ साठी त्याचं शेवटचं व्हर्जन २.०.३. मग विचार केला मला पांडाज हवंय कशाला, दरपत्रकाची एक एक्सेल फाइल वाचायला? ओपनपायएक्सेल ही नुसती एक्सेल वाचणारी-लिहिणारी लायब्ररी लावली आणि पावणेदोनशे एमबीचं फोल्डर चाळीसच्या आत आलं. हे आधीच करायला हवं होतं, लाज वाटली थोडी.

पुढं दुसऱ्या एका मशीननं 'धिस ॲप कान्ट रन' च्या जातीचा मेसेज दिला कारण विंडोज ३२ बिटचं निघालं. ६४ बिट पायथनवर बांधलेली ईएक्सई तिथं चालणार नाही, ३२ बिटवर बांधलेली दोन्हीकडं चालते. आणि हो, लिनक्स किंवा मॅकवर बसून विंडोजची ईएक्सई पायइन्स्टॉलरनं निघत नाही, ज्यासाठी हवी तिथंच बांधायची.

विंडोज ७ चा अजून एक प्रसाद. उत्पादकांची नावं एका टेक्स्ट फाइलमधे होती, भावानं ती नोटपॅडमधे उघडून एक नाव वाढवलं. जुनं नोटपॅड नवी फाइल सेव्ह करताना आपसूक एएनएसआय हे जुनं एन्कोडिंग धरतं, त्यात मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात; यूटीएफ-८ निवडलं तर सुरुवातीला बॉम नावाचे खुणेचे बाइट चिकटवतं. आणि माझ्या कोडमधे फाइल उघडताना एन्कोडिंग दिलेलंच नव्हतं, माझ्या मशीनवर पायथन-यूटीएफ-८ चा व्हेरिएबल सेट असल्यामुळं कधी अडलं नाही, त्यांच्याकडं 'चारमॅप कोडेक कान्ट डीकोड'. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या, बॉम असो वा नसो, यूटीएफ-८ वाचतो. पावतीच्या पीडीएफमधे जोडाक्षरं फुटतायत, वेलांटी भलतीकडं जातेय, हा मात्र पायइन्स्टॉलरचा दोष नाही, तो पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीला देवनागरीची जुळणी न येण्याचा प्रश्न आहे, डॉट पाय चालवून बघा, तिथंही फुटलेलीच दिसतील.

अँटीव्हायरस

ह्यावर पक्का इलाज नाही, आधीच सांगतो. पायइन्स्टॉलरचा बूटलोडर सगळ्यांच्या ईएक्सईत सारखाच असतो, आणि व्हायरस लिहिणारेही तोच वापरतात, त्यामुळं गव्हाबरोबर किडे रगडले जातात तसं उलटं होतं, किड्यांबरोबर आपला गहू. वनफाइलवर जास्त संशय, कारण स्वतःतून फाइली काढून टेम्पमधून चालवणं हे वागणंच तसं दिसतं. वनडिर केलं की पुष्कळदा प्रश्न मिटतो. यूपीएक्स हे फाइली दाबून लहान करणारं साधन मशीनच्या पाथमधे असेल तर पायइन्स्टॉलर ते आपण होऊन वापरतो, नो-यूपीएक्स द्या, पाच-दहा एमबी वाचवण्यासाठी ती कटकट नको, क्यूटी ह्या खिडक्यांच्या लायब्ररीच्या डीएलएलही त्यानं बिघडतात. बूटलोडर स्वतःच्या मशीनवर कंपाइल केला तर त्याची ओळख बदलते, त्यानं फरक पडतो. तरीही डिफेंडरनं धरलं तर मायक्रोसॉफ्टकडं फाइल तपासायला पाठवता येते. निळ्या रंगाचं 'विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी' वेगळं, ते व्हायरस म्हणत नाही, ईएक्सईवर सही नाही आणि कुणी ओळखत नाही एवढंच म्हणतं, मोअर इन्फो दाबून रन एनीवे. सहीचं सर्टिफिकेट विकत मिळतं पण दूध डेअरीच्या ॲपला ते परवडत नाही. जीमेलनं ईएक्सई पाठवायचा प्रयत्न करू नका, झिपमधे घातली तरी अडवतो.

उरलेलं भराभर: मल्टिप्रोसेसिंग वापरत असाल आणि ॲप उघडल्यावर खिडक्यांवर खिडक्या उघडत सुटल्या तर मेनच्या पहिल्याच ओळीत फ्रीझ-सपोर्ट बोलवा. सबप्रोसेसनं काही चालवताना काळी खिडकी चमकून जात असेल तर क्रिएट-नो-विंडो हा फ्लॅग. नवीन आयकॉन दिसत नसेल तर तो विंडोजच्या आयकॉन कॅशेचा खेळ, ईएक्सईचं नाव बदलून बघा. बिल्डच्या वेळीच 'पाथलिब हे ऑब्सोलीट बॅकपोर्ट आहे' म्हणून अडलं तर ते पिपनं काढून टाका, पायथनमधे ते आधीच आहे. ईएक्सईत कोड लपतो असं समजून पासवर्ड आत लिहू नका, बाइटकोड बाहेर काढणं पाच मिनिटांचं काम आहे आणि एन्क्रिप्शनचा की पर्याय होता तोही सहाव्या व्हर्जनमधे काढला. न्यूटका वापरा असं कुणीतरी सांगेलच, तो खरंच सी मधून कंपाइल करतो, चांगला आहे, पण त्याचं वनफाइल पण टेम्पमधेच उलगडतं, तेव्हा डेटाबेस आत ठेवला तर तिथंही दूध जाणार.

द्यायच्या आधी आता मी काय करतो ते सांगतो. माझ्या मशीनवर विंडोज प्रो आहे, त्यात विंडोज सँडबॉक्स मिळतो, कोरं विंडोज, पायथन नाही, काही नाही, बंद केलं की सगळं पुसलं जातं. ज्यांच्याकडं होम एडिशन आहे त्यांना तो मिळत नाही, त्यांनी ॲडमिन नसलेला दुसरा यूजर करावा किंवा सरळ शेजाऱ्याचा लॅपटॉप मागावा. इन्स्टॉल करायचं, शॉर्टकटवरून उघडायचं, प्रत्येक बटण एकदा दाबायचं, एक एंट्री करायची, बंद करायचं, परत उघडायचं, आणि मग फोल्डरमधल्या ईएक्सईवरून पण एकदा उघडायचं.

ॲपच्या तळाशी आता एक बारीक ओळ असते, 'तुमचा डेटा इथं आहे' आणि पुढं पूर्ण पत्ता, कारण ॲपडेटा हे फोल्डर लपलेलं असतं आणि मशीन फॉरमॅट करणारा पोरगा ते हमखास विसरतो. बिलाच्या दिवशी, म्हणजे दर दहा दिवसांनी, ॲप पेनड्राइव्ह मागतं आणि एसक्यूलाइटच्या बॅकअप फंक्शननं प्रत टाकतं, नुसती फाइल कॉपी केली तर मधेच चालू असलेल्या एंट्रीत अर्धवट प्रत निघू शकते.

परवा नवीन बिल्ड अण्णांकडं बसवली. भावाला म्हटलं एक एंट्री टाक, ॲप बंद कर, मशीन पण रीस्टार्ट कर. मशीन परत चालू होईस्तोवर आम्ही दोघं काही न बोलता स्क्रीनकडं बघत उभे. उघडलं. गाय, साडेचार लिटर, फॅट ३.८. होतं तिथंच होतं.